तरवडपट्टी

तरवड पाहण्यासाठी निजामाच्या राज्यात जावं लागत नाही. पुणं सोडलं की गाडीच्या दोन्ही बाजूंना तो दिसायला लागतो. कमरेएवढं झुडूप, चिंचेच्या पानासारखी पण जरा मोठी पानं, आणि पावसाळा सरताना हळदीच्या रंगाच्या फुलांचे घोस. शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही आणि पाऊस आला नाही तरी त्याचं काही अडत नाही. मी कोकणातला. आमच्याकडे पाऊस इतका पडतो की पाण्यावाचून फुलणारं झाड असतं हे मला शाळेत शिकवावं लागलं.

तरीही एका भाद्रपदात मी तरवड पाहायला गुलबर्ग्याच्या गाडीत बसलो, कारण शेठनी पाठवलं. मी तेव्हा मुंबईत एका चामड्याच्या कारखान्यात रसायनं पाहत असे. गावाकडे आमच्या घरचे लोक कोणी विचारलं तर "रसायनं पाहतो" एवढंच सांगत आणि विषय बदलत. कातडं कुजू नये, मऊ राहावं म्हणून ते झाडाच्या सालीच्या पाण्यात मुरवतात. फिकट, गोऱ्या रंगाच्या चामड्यासाठी तरवडाच्या सालीसारखी दुसरी साल नाही. ती आमच्याकडे मद्रासेकडून येई. तिकडच्या कोरड्या समुद्रकाठी, वाळूतसुद्धा, तरवडाची रानंच्या रानं आहेत. पण ते फार लांब पडे. गुलबर्ग्याचे एक तूरडाळीचे व्यापारी शेठच्या ओळखीचे होते. त्यांनी एका पत्राच्या शेवटी लिहिलं की आमच्या गावच्या माळावर तरवडाशिवाय दुसरं काही उगवत नाही. त्यांनी ते तक्रार म्हणून लिहिलं होतं. शेठनी ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "जाऊन बघ. साल चांगली असली तर सगळा माळ ठेक्याने घेऊ."

गुलबर्गा

स्टेशनावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, अंमलदाराने माझी ट्रंक उघडली. आत दोन धोतरं, एक चाकू, सुतळीचं बंडल, वही आणि हिराकसाची बाटली निघाली. सालीत कस किती आहे ते हिराकसाने कळतं. सालीच्या काढ्यात चिमूटभर टाकलं की पाणी काळं होतं. जितका कस, तितकं काळं.

"ये काहे के वास्ते?" त्याने बाटली उन्हात धरून विचारलं.

"काला करने के वास्ते," मी म्हणालो.

त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं. मी तेव्हा तिशीतही नव्हतो. त्याने बाटली हलकेच परत ठेवली आणि ट्रंक स्वतः बंद केली. पुढे काही विचारलं नाही. एवढी माया मला पुढच्या प्रवासात कोणत्याच सरकारी माणसाने दाखवली नाही.

डाळीचे व्यापारी काशिनाथप्पा मला न्यायला आले होते. बुटके, कपाळावर विभूती, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग. त्यांची अडत गुलबर्ग्यात आणि घर कोहिनूर गावात. ते घरात कन्नड बोलत, बाजारात मराठी, कचेरीत उर्दू, आणि बैलांशी तिन्ही. माझ्याशी ते मराठीच बोलले, पण मला "अण्णा" म्हणाले. त्यांच्यापेक्षा मी वीस वर्षांनी लहान असल्याने पहिला दिवस मी मागे वळून पाहत होतो की हे कोणाला हाक मारतायत.

फाट्यापर्यंत मोटार आणि पुढे बैलगाडी असा प्रवास झाला. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की दोन्हींचा वेग सारखा होता.

कोहिनूर

गावाचं नाव कोहिनूर का, हे मी पाच जणांना विचारलं. पाचांनी पाच कारणं सांगितली आणि एकाही कारणात हिरा नव्हता. काळी जमीन, तुरीची हिरवी शेतं, त्यांच्या कडेने तांबडा खडकाळ माळ, आणि त्या माळावर, शेतांच्या बांधांवर, वाटेच्या दोन्ही अंगांना तरवड. त्या दिवसांत तो ऐन फुलात होता. मी कारखान्यात तरवडाची साल पोत्यांनी हाताळली होती, पण फूल पहिल्यांदाच पाहिलं. मी ते तोडून वहीत ठेवलं. वहीला मुंग्या लागल्या.

घरात काशिनाथप्पांच्या थोरल्या बहिणीचा कारभार होता. गुरुबाई त्यांचं नाव, पण सगळं गाव त्यांना अक्का म्हणत असे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी माझ्यासमोर कागदासारखी पातळ, कडक ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगाची चटणी वाढली. चटणी खाल्ल्यावर मला थोडा वेळ कानांनी ऐकू आलं नाही.

"तुमच्यात काय खातेत?" अक्कांनी विचारलं.

"भात."

"व्हय, पर जेवता कवा?"

मी पुन्हा सांगितलं की भात हेच जेवण. अक्कांनी आणखी दोन भाकऱ्या वाढल्या. आम्ही मासेही खातो हे लिंगायताच्या घरात सांगण्यात अर्थ नव्हता. मी नुसता भातच खाऊन वाढलो अशी त्यांची समजूत झाली आणि माझ्या प्रकृतीकडे पाहता ती त्यांना खरी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. माझी पद्धत सोपी होती. सुतळीने माळाचा एक चौकोन आखायचा, त्यातली झाडं मोजायची, एका झाडाची साल सोलून तांब्यात उकळायची, हिराकस टाकायचा आणि रंग पाहून वहीत लिहायचं. बांधावरची झाडं असतील तर बांध कोणाचा, तेही विचारून लिहायचं, म्हणजे पुढे परवानगी मागायला बरं. लोक येऊन उभे राहिले. सगळे मिळून दहा-बारा असतील.

अखेर एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय करायलाव, साहेब?"

"झाडं मोजतोय," मी म्हणालो.

तेवढ्यात तांब्यातलं पाणी काळं झालं. म्हाताऱ्याने आत डोकावून पाहिलं, बोट बुडवून अंगठ्याच्या नखावर ओढलं आणि मागच्यांना सांगितलं, "शाई हाय."

मंडळी शांतपणे पांगली. मी वहीत लिहिलं: रंग मद्रासेच्या सालीहून गडद, आणि तिच्याहून लवकर. उत्तम. त्याखाली दोन रेघा ओढल्या. मी खूश होतो.

आणखी तीन गावं

पुढचे दिवस मी काशिनाथप्पांच्या गाडीवानाबरोबर आजूबाजूच्या गावांना फिरलो. पहिल्या गावात तरवड होता. दुसऱ्या गावात निम्मा होता, आणि उरलेल्या जागी ताजे खड्डे होते. तिसऱ्या गावात मी पोचलो तेव्हा बाया-माणसं कुदळी घेऊन बांधावरचे तरवड मुळासकट उपटत होती आणि ढीग करून जाळत होती. मला पाहून त्यांनी हात अधिक जोरात चालवले. मी जवळ जाऊन विचारलं, हे कशासाठी?

"उगंच," एक जण म्हणाला.

मी वहीत लिहिलं: "या भागात भाद्रपदात तरवड जाळण्याची चाल दिसते. कारण समजले नाही."

ते वाक्य अजून त्या वहीत आहे. मी ते कधी कधी काढून वाचतो.

कारण संध्याकाळी घरी कळलं. अंगणात एक म्हातारा उभा होता. उंच, काळा, हात कोपरापर्यंत विटकरी रंगाने रापलेले. ओसरीच्या पायरीपासून चार हात लांब उभा होता, कारण त्याने तितकंच जवळ यावं अशी तिथली रीत होती. अक्का ओसरीवर बसल्या होत्या. त्याचं नाव नरसप्पा. गावाबाहेर कातडी कमावणाऱ्यांची चार घरं होती, त्यांतलं एक त्याचं. मूळचा बिदरजवळच्या मैलूरचा. घरजावई म्हणून इकडे आला आणि इथलाच झाला.

"ह्येच का ते?" त्याने अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, "ह्येच."

मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, माज्या कुंडात सा कातडी चुन्यातनं काढून धुवून पडलीत. उद्या-परवा सालीत गेली न्हाईत तर कुजत्यात. मी आज चार मैल हिंडलो. तरवड न्हाई. लोक मुळासकट काढून जाळायलेत. इचारलं कामून, तर म्हनत्यात साहेब आलाय, झाडं मोजून नावं लिवून घ्यायलाय, तरवडावर पट्टी बसायलीय. ज्याच्या बांदाला झाड, त्याला पट्टी."

मी म्हणालो, "कसली पट्टी? मी सरकारचा माणूस नाही."

"मग झाडं मोजलाव कामून? शाई कामून केलाव?"

एका माळावर उभं राहून, सुतळी ताणून, झाडं मोजून, लोकांची नावं विचारून आणि जागच्या जागी शाई तयार करून लिहिणारा माणूस आणखी कोण असू शकतो, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. मलाही तलाठीच आठवला.

अक्का म्हणाल्या, "आठ दिसांनी घट बसायलेत. नऊ दिस तरवडाच्या फुलाची माळ लागती देवीला. फुलं कुटली आनायची? आन् देवीचं ऱ्हाऊ द्या. नरसप्पाची कातडी कुजली तर मोटा कुटनं यायच्या?"

विहिरीचं पाणी काढायची मोट चामड्याची. दसऱ्यानंतर रब्बीला पाणी द्यायचं तेव्हा आसपासच्या चार गावांच्या मोटा नरसप्पाच्या कुंडांतून निघत. ज्यांनी पट्टी चुकवायला तरवड जाळला होता, त्यांच्यावरच मोटेविना नुसता दोर विहिरीत सोडायची वेळ येणार होती.

"उद्या जावून सांगा सगळ्यास्नी," अक्का म्हणाल्या. "पट्टी न्हाई म्हनून."

पट्टी नाही

मी गेलो. पहिल्या गावात चावडीसमोर उभं राहून सांगितलं की तरवडावर कोणतीही पट्टी नाही. लोकांनी ऐकून घेतलं. एक शेतकरी नम्रपणे म्हणाला, "व्हय जी. आदी मोजत्यात, मग पट्टी न्हाई म्हनत्यात, मग पट्टी येती. घराच्या बाबतीत असंच झालतं."

दुसऱ्या गावात एका गृहस्थाने मला घरी नेऊन तापवलेलं दूध दिलं, उपरण्याने वारा घातला आणि कानाशी येऊन म्हणाला की माझ्या बांधाला पाचच झाडं लिवा. मी म्हटलं, मी एकही लिहिणार नाही. तो इतका घाबरला की त्याने पेला माझ्या हातातून काढून घेतला. आम्ही बोलत होतो तोवर परसात त्याची बायको कुऱ्हाड चालवत होती.

तिसऱ्या गावात माझा घसा बसला होता. ऊन चढलं होतं. इकडे लोक उन्हात जाताना टोपीखाली तरवडाचा पाला ठेवतात, डोकं थंड राहतं म्हणून. मीही ठेवला होता आणि तो माझ्या कानांवर लोंबत होता. एक जण कुदळ खांद्यावर टाकून माळाकडे निघाला होता. जाता जाता त्याने विचारलं, "साहेब, तोडलं तर चालंल न्हवं?"

मला जे सुचलं ते मी बोललो. जरा मोठ्याने, आणि आमच्या कारखान्यातला मुकादम बोलतो त्या आवाजात.

"ज्यांनी तोडलाय त्यांना विचारलं जाईल."

तो थांबला. कुदळ खाली ठेवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बाजूला एकाही गावात तरवडावर घाव पडला नाही. तरवड तोडणाऱ्याला दंड, ही बातमी माझ्या आधी पुढे धावत होती. एका शेतात मी डोळ्यांनी पाहिलं की एक कुटुंब अर्धवट जळालेले तरवड खड्ड्यांत पुन्हा उभे करून त्यांना घागरीने पाणी घालत होतं. त्या झाडाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी पाणी दिलं असेल.

वाचलेला तरवड नरसप्पाला मिळाला. त्याने मुळं न दुखवता फांद्या छाटून आणल्या. मी त्याच्या घरी गेलो. वास कसा होता हे लिहीत नाही. मी त्यातच नोकरी करतो. जमिनीत पुरलेली कुंडं, कडेला ओल्या फांद्या बडवून साल सुटी करणाऱ्या त्याच्या दोन सुना. त्याने सालीचा तुकडा चावला, जिभेवर धरला, थुंकला आणि मला दुसरा तुकडा दिला. "जीभ वडती बगा. आत वडून घेती. मैलुराकडं अशी न्हाई, बिदरात न्हाई. हितल्या माळाचीच." मी चावला. जीभ खरोखर टाळूला चिकटली. माझ्या हिराकसाने जे सांगितलं तेच त्याने विनाखर्च सांगितलं.

मी पाणी मागितलं. त्याने आधी वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचं तुमी बगा," म्हणाला, आणि तांब्या दिला. मी प्यालो. अक्कांना हे संध्याकाळपर्यंत कळलं होतं. माझा तांब्या त्या दिवसापासून अंगणात वेगळा असे.

"पट्टी न्हाई, सरकार न्हाई, मग खरं कामून आलाव?" नरसप्पाने विचारलं.

मी सांगितलं. मुंबईला कारखाना आहे, साल पाहायला आलो, चांगली असली तर शेठ ठेका घेतील.

"किती लागती त्येन्ला?"

"सगळी," मी म्हणालो.

त्याने हातातली फांदी खाली ठेवली. सुनांचं बडवणंही थांबलं.

"मग पट्टीच बरी हुती," नरसप्पा म्हणाला.

कचेरी

तिसऱ्या दिवशी कचेरीतून शिपाई आला. सरकारच्या नावाने दंड ठोठावणारा परका माणूस, त्याला घरात ठेवणारे काशिनाथप्पा, आणि दंडाच्या काळात तरवड छाटणारा नरसप्पा, या तिघांना तहसीलदारसाहेबांपुढे बोलावलं होतं. काशिनाथप्पा वाटभर बैलांशी फक्त उर्दू बोलत होते. कचेरीची तयारी असावी.

तहसीलदारसाहेब वयस्क, बारीक, पडशाने बेजार. टेबलावर रुमालांची चळत. बाजूला त्यांचा पेशकार, म्हणजे कारकून; त्याला मराठी येत होतं. साहेबांनी मला बसायला सांगितलं. माझं मुंबईचं हिंदुस्थानी ऐकून त्यांनी दोनदा डोळे मिटले, तेव्हा तिसऱ्या वाक्यापासून मी मराठीवर आलो आणि पेशकाराने तर्जुमा करून सांगायला सुरुवात केली.

"आप महसूल के महकमे से हैं?"

"नाही."

"जंगलात के?"

"नाही."

"तो जुर्माना किस हैसियत से लगाया?"

मी सगळं खरं सांगितलं. सुतळी, शाई, पट्टी, कुदळी, आणि वैतागून बोललेलं ते एक वाक्य. नरसप्पा आणि काशिनाथप्पा दाराशी उभे राहून ऐकत होते. सांगताना मला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. साहेबांनी नाक पुसलं आणि पेशकाराकडे वळून विचारलं, "तरवड पे कोई महसूल है?"

"नहीं, हुजूर." पेशकाराने दौत जवळ ओढली. "अब तक तो नहीं."

साहेब विचार करायला लागले. ते वाईट मनाचे नव्हते. त्यांच्यासमोर एक गोष्ट आली होती आणि ती कामाची आहे का, एवढंच ते पाहत होते. त्यांनी मला विचारलं, तुमच्या कारखान्याला हे झाड कितपत उपयोगाचं आहे?

माझ्या खिशात वही होती. तिच्यात "उत्तम" लिहून दोन रेघा मारल्या होत्या. ती वही टेबलावर ठेवली असती तर मी तिथून प्रतिष्ठित व्यापारी म्हणून बाहेर पडलो असतो. शेठ खूश झाले असते. माळाचा रीतसर लिलाव झाला असता, आम्हीच तो घेतला असता, आणि पुढच्या भाद्रपदात तरवड मुळासकट उपटायला कोणालाही अफवेची गरज पडली नसती. शूर होण्याचा मला सराव नाही.

"काहीच उपयोगाचं नाही," मी म्हणालो.

साहेबांनी भुवया उंचावल्या. "तो इतने दिन क्या करते रहे?"

"निरुपयोगी आहे याची खात्री करत होतो."

पेशकाराने हे सांगितलं तेव्हा साहेबांनी मान हलवली. त्यांना ते काम ओळखीचं वाटलं असावं. पण पेशकार हुशार होता. तो म्हणाला, हुजूर, हा सालीची शाई करतो असं लोक सांगतात, ती करून दाखवावी. नरसप्पाकडून जप्त केलेली फांदी मागवली. कचेरीच्या शेगडीवर साल उकळली, मी हिराकस टाकला आणि मनातल्या मनात प्रार्थना केली की ही फांदी तरी वाईट निघावी. पाणी एका क्षणात हिरवट काळं झालं. इतकं गडद मी कोहिनुरातही पाहिलं नव्हतं.

"देखा?" पेशकार म्हणाला.

"शाई चांगली होते," मी म्हणालो. "कातडं होत नाही. साल सारी शाईतच संपते."

रसायनशास्त्रात या वाक्याला काही अर्थ नाही. साहेबांनी बोरू त्या वाटीत बुडवला, कागदावर दोन अक्षरं काढली, उन्हात धरून पाहिली आणि मला म्हणाले, हेच लिहून द्या. मी त्याच शाईने लिहिलं की कोहिनूर व आसपासच्या माळावरील तरवडाची साल कातडे कमावण्याच्या कामी निरुपयोगी आहे, आणि खाली सही केली. साहेबांनी मला समज देऊन सोडलं आणि गावोगाव दवंडी पिटण्याचा हुकूम दिला. दवंडीचा मजकूर पेशकाराने तयार केला: तरवडावर पट्टी नाही, दंडही नाही, कारण ते झाड निकामी आहे असं मुंबईच्या साहेबाने लिहून दिलं आहे.

या वेळी लोकांचा विश्वास बसला. निकामी वस्तूवर कोणी पट्टी बसवत नाही, हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं.

परत

घट बसले त्या दिवशी मी कोहिनुरातच होतो. गावामागच्या टेकडीवरचा तरवड मठाचा म्हणून कोणीच कधी तोडत नसे. तिथली फुलं बायकांनी वाटून घेतली. अक्कांनी पहिली माळ ओवली. फुलं विरळ होती आणि मध्ये दोरा दिसत होता. "चालतंय," त्या म्हणाल्या. "देवीला ठावं हाय औंदा काय झालं ते." मला निघताना त्यांनी भाकऱ्यांची चळत बांधून दिली आणि काशिनाथप्पांना बजावलं की ह्यांना गाडीत बसवायच्या आधी जेवू घाला, घरी गेल्यावर भातच खाणार आहेत.

गाडी गावाबाहेर आली तेव्हा नरसप्पा वाटेत उभा होता. कचेरीतून आल्यापासून तो माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. मी गाडीतून उतरलो. विचारलं, कातडी कशी आहेत.

"मुरायलीत. रंग धरलाय." मग म्हणाला, "काल माज्या दारापुढनं दवंडी गेली. तरवड निकामी. थांबून दोनदा पिटला त्येनं, माजं दार बगून."

मी म्हणालो, "नरसप्पा, मी तसं का म्हणालो ते—"

"कामून म्हनलाव ते कळलं मला. तितंच कळलं. बरं केलाव, माज्या नातवाचं पोट ऱ्हायलं." तो आपल्या हातांकडे पाहत होता. "सारा जलम त्या पान्यात हात घातले मी. बोलून गेलं असतं तर वाऱ्यावर गेलं असतं. पर तुमी लिवून दिलाव. कचेरीत ऱ्हातंय ते. मी मेल्यावर बी ऱ्हातंय. हितली साल निकामी हाय म्हनून."

आता ते पुसता येणार नाही, एवढंच मी म्हणालो.

"पुसू नगा. पुसलाव तर येतेत तुमचे शेठ." त्याने बैलाच्या पाठीवर थाप मारली. "दुसरीकडं कुटंतरी खरं लिवून ठिवा. घाई न्हाई."

मुंबईत शेठनी माझा अहवाल वाचला. तो कचेरीतल्या कागदाशी शब्दशः जुळेल अशी मी काळजी घेतली होती. शेठ म्हणाले, एवढ्या दिवसांत निदान एखादा दुसरा माळ तरी पाहून यायचं होतंस. त्या वर्षी माझी बढती दुसऱ्याला मिळाली. साल मद्रासेकडूनच येत राहिली.

आता ते राज्य राहिलेलं नाही. आमच्या कारखान्यातही कातडं सालीवाचून, नुसत्या रसायनांवर होऊ लागलं आहे. तरवडाचा ठेका मागायला कोणी कुठे जाईल असं वाटत नाही. काशिनाथप्पांची पत्रं मध्यंतरी बंद झाली. नरसप्पा आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

कोहिनूरच्या माळावरच्या तरवडाची साल मी आजवर हाताळलेल्या सगळ्या सालींत पहिल्या प्रतीची आहे. तिच्यात कमावलेलं कातडं फिकट, मऊ आणि पाण्याला टिकणारं होतं. नरसप्पाच्या हातचं मी स्वतः पाहिलं आहे. ती निरुपयोगी आहे असं मी एकदा सहीनिशी लिहून दिलं होतं. ते खोटं होतं.